खर्जाची हौस

प्रश्न: मी मिरजेची. वय 51, सहकारी बँकेत नोकरी. शाळेत असताना गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ड्रमच्या शेजारी उभा राहून एक जण चार तारांची लांब गिटार वाजवत होता. तेव्हापासून बेस गिटार डोक्यात बसली आहे. तबल्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्या, पुढे लग्न, बदल्या, मुलगा. आता आवर्ती ठेवीचे 45 हजार हातात आलेत. ती ठेव मी यासाठीच उघडली होती, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलाची एक साधी गिटार कपाटावर पडून असते. तो म्हणतो, आई, आधी ती शीक, बेस तर गाण्यात ऐकूही येत नाही. हे म्हणतात, घे की, पण वाजवणार कुठे? दुकानात गेले तर ‘मुलासाठी का?’ असं विचारलं. माझे हात लहान आहेत. दोन वर्षं रात्री मोबाईलवर गिटारींचे व्हिडिओ बघतेय आणि कुठली घ्यावी ते अधिकच कळेनासं झालंय. चार तारांची की पाच? नवी की जुनी? की या वयात हा नादच सोडावा? (मला लाल रंगाची हवी आहे, हे हसण्यावारी नेऊ नका.)

ताई,

नाद सोडायचा की नाही, यावर मी शब्द खर्च करत नाही. घरात कुणाला पत्ता लागू न देता जिने आवर्ती ठेव उघडली आणि पुरी मुदत हप्ते भरले, तिने तो प्रश्न कधीच निकालात काढलाय. ‘वाजवणार कुठे’ याचंही उत्तर सध्या शोधत बसू नका. निवृत्तीला आलेले किती तरी गृहस्थ हातभर लेन्सचे कॅमेरे घेतात आणि गॅलरीतून बुलबुलांचे फोटो काढतात. त्यांना प्रदर्शन कुठे भरवणार असं कुणी विचारत नाही.

तुमची खरी अडचण ते दोन वर्षांचे व्हिडिओ आहेत. तिथले वादक दोन गिटारींतला जो फरक सांगतात तो त्यांच्या हातांना कळतो, कारण ते हात वीस वर्षं वाजवताहेत. तुमच्या हातांना तो पहिलं वर्षभर तरी कळणार नाही, आणि तो कळल्याशिवाय तुमचा निर्णय होणार नाही. हा तिढा मोबाईलवर सुटायचा नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: चार तारांची, नवी, वीस ते पंचवीस हजारांतली घ्या. उरलेले पैसे गिटारीला लावू नका. ते सेटअपला (म्हणजे तारांची उंची आणि मानेचा बाक जुळवून घ्यायला), बऱ्या हेडफोनला आणि शिकवणाऱ्याला ठेवा. पूर्ण 45 हजारांची गिटार घेतलीत तर ती छानच असेल, पण तारा उंच आणि ऐकायला काही नाही अशी ती कोपऱ्यात उभी राहील. फार तर कपाटावरच्या गिटारीला सोबत होईल.

यामाहाची टीआरबीएक्स मालिका, आयबानेझची जीएसआर, कॉर्टची अ‍ॅक्शन, स्क्वायरची सुरुवातीची मॉडेल, यांतली कुठलीही चालेल. हो, कुठलीही. ही वाद्यं आता इंडोनेशियात किंवा चीनमध्ये यंत्रावर कापली जातात आणि या किमतीतली लाकूडकारी तीस वर्षांपूर्वीच्या मानाने फारच सुधारली आहे. त्यामुळे यांतून निवडायला लाल रंग हा अगदी रास्त निकष आहे. जी भिंतीवर दिसली की हात आपोआप जातो, ती जास्त वाजवली जाते. दुकानदार तुम्हाला सनबर्स्ट (मधे पिवळसर, कडेला गडद) दाखवील, ‘लाल मागवावी लागेल’ म्हणेल. मागवा म्हणा.

आता मुलाचं म्हणणं. बेस ऐकू येत नाही हे त्याच्या मोबाईलपुरतं खरं आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला साधारण 41 असते. साध्या गिटारच्या जाड तारेची 82, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. मोबाईलचा नखाएवढा स्पीकर 41 च्या जवळपासही पोहोचत नाही. मेंदू वरच्या स्वरांशांवरून अंदाज बांधतो, एवढंच. त्याला चांगले हेडफोन घालायला सांगा आणि राहुलदेव बर्मन यांची सत्तरच्या दशकातली गाणी लावा. त्यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. मग ए. आर. रहमान यांची गाणी लावा, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत चेन्नईचे कीथ पीटर्स आहेत. गाणाऱ्याकडे लक्ष द्यायचं नाही, फक्त तळ धरायचा. एकदा तो कानाला लागला की सुटत नाही. जुनी गाणी नव्याने ऐकावी लागतात आणि घरचे वैतागतात, ते सोसायची तयारी ठेवा.

आधी साधी गिटार, मग बेस, हा क्रम कुणी ठरवला देव जाणे. बेसच्या तारा गिटारच्या जाड चार तारांसारख्याच लावतात, ई, ए, डी, जी, पण एक सप्तक खाली. नातं तिथवरच. गिटारवाला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर, धरायला शिकतो. बेसवाल्याला एका वेळी बहुधा एकच स्वर वाजवायचा असतो आणि तो केव्हा थांबवायचा हे शिकायचं असतं. तबल्याची मध्यमा झालेल्या बाईने सहा महिने कॉर्डमध्ये बोटं वळवत बसावं, याला काही कारण नाही.

दुकानातल्या ‘मुलासाठी का?’चं मनावर घेऊ नका, पण ध्यानात ठेवा. ज्या दुकानात पहिला प्रश्न हा येतो तिथे दुसरी मदतही धड मिळत नाही. लॉस एंजेलिसच्या कॅरल के यांची गोष्ट त्या दुकानदाराला ठाऊक नसणार. त्या मूळच्या गिटारवादक, स्टुडिओत वाजवून घर चालवणाऱ्या. 1963 च्या सुमाराला एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आलाच नाही, म्हणून बेस यांच्या हातात दिली गेली. पुढे साठच्या दशकातल्या अमेरिकी गाण्यांच्या भल्या मोठ्या ढिगाऱ्याखाली याच बाईंचा बेस आहे. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे वडिलांकडून लहानपणीच बेस शिकली, आज जगभरच्या मंचांवर वाजवते. तिचे व्हिडिओ मात्र पहिले सहा महिने बघू नका. हातपाय गळतात.

हाताच्या प्रश्नावर जरा थांबते, कारण तो खरा आहे. बेसच्या तारेची वाजणारी लांबी, म्हणजे मानेच्या टोकाच्या वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचं अंतर, सहसा 34 इंच असते. 1951 मध्ये कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी पडदेवाली (मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली) विजेची बेस बाजारात आणली तिचं हेच माप होतं, आणि बहुतेकांनी ते उचललं. (फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.) या मापात पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचं अंतर सुमारे 13 सेंटिमीटर भरतं. साध्या गिटारवर तेच दहाच्या आत असतं. चार बोटं चार पडद्यांवर पसरून ठेवा असं व्हिडिओत सांगतात, ते लहान हाताला खालच्या पडद्यांवर झेपत नाही आणि मनगट दुखायला लागतं. पण तसं पसरायची गरजच नाही. उभ्या, गजाने वाजवायच्या मोठ्या बेसवर शंभराहून अधिक वर्षं वेगळी पद्धत चालत आली आहे: तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी, एवढ्यांनी तीन पडद्यांएवढी जागा धरायची. अनामिका करंगळीला टेकू देते. चौथा पडदा हवा तर अख्खा हात सरकवायचा. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा की मला खालच्या पाच पडद्यांवर हीच पद्धत हवी. तो नाक मुरडेल तर दुसरा बघा.

उजव्या हाताची तर काळजीच सोडा. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या साठच्या दशकातल्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन एकट्या तर्जनीने तारा छेडायचे आणि आजही बेसवाले त्यांच्या नावाने कान पकडतात.

तरीही दुकानात एकदा 30 इंची, म्हणजे शॉर्ट स्केल गिटारही हातात घेऊन बघा. तिच्यावर तेच अंतर साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास येतं, तारा थोड्या सैल लागतात, वजनही बहुधा कमी. ती लहान मुलांचं खेळणं मुळीच नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर याच जातीची होती. फक्त आपल्याकडच्या दुकानांत या गिटारी कमी येतात आणि तिच्या मापाच्या तारा मिळवायलाही थोडी खटपट लागते. हातात घेतल्यावर ‘अरे, ही माझी’ असं वाटलं तर घ्या, नाहीतर 34 इंचीवर हात बसतो. बसून वाजवताना गिटार मांडीवर आडवी टाकू नका, पट्टा बसूनही गळ्यात ठेवा आणि गिटारीची मान किंचित वर उचललेली राहू द्या. डावं मनगट सरळ राहतं की नाही तेवढं बघा. सकाळी बोटं आखडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर, मग रियाज.

पट्टा तीन बोटांहून रुंद घ्या. साडेतीन-चार किलोचं ओझं अरुंद पट्टीवर खांद्याला कापतं.

पाच तारांची नको. पाचवी तार आणखी खालच्या स्वराची असते, मान रुंद होते, आणि तुम्हाला जे वाजवायचंय त्यासाठी ती लागत नाही.

जुनी घ्यावी का? ओळखीचा बेसवादक बरोबर येणार असेल तर अवश्य, निम्म्या पैशात चांगलं वाद्य मिळून जातं. एकटीने नको. मान पिळवटलेली आहे का, आतला ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी सळई) फिरतो की अडकलाय, हे फोटोत कळत नाही, आणि नेमका तोच खर्च गिटारच्या किमतीला भिडतो.

आता तुमच्या गावचा एक फायदा आणि त्याचाच एक तोटा. मिरजेत राहून तुम्ही तंबोरे लागताना ऐकले असणार. घोडीवर जवारी उघडली, सूत जागेवर बसलं की तार जी झणझणते ती आपल्याला गोडच लागते. बेसवर तशीच झणझण ऐकू आली तर तुमचा कान तिला दोष म्हणणार नाही, आणि दुकानदारही ‘नवीन आहे, सुटेल’ म्हणेल. तो दोष आहे. तार पडद्यांना घासते आहे, म्हणजे मानेचा बाक किंवा तारांची उंची चुकली आहे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकेकदा, सावकाश वाजवा. दुकानात पाच मिनिटं गेली तर जाऊ द्या, पैसे तुमचे आहेत. मग पहिला पडदा आणि शेवटचा पडदा एकदम दाबून मधे, सातव्या-आठव्याच्या आसपास, तारेखाली बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. तारेचा बाराव्या पडद्यावरचा स्वर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून निघणारा घंटेसारखा स्वर सारखेच लागले पाहिजेत. तुमचा कान तयार आहे, ट्यूनरशिवायही कळेल. चारही तारा सारख्याच जोराने ऐकू येतात ना, बटणं फिरवताना खरखर होत नाही ना, तेही बघा.

यातलं बरंचसं सेटअपने सुटतं. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारीच्या तारा बहुधा उंच असतात, वरच्या पट्टीतल्या खाचा उथळ असतात, म्हणून पहिला पडदा दाबायला अंगठा मोडेपर्यंत जोर लागतो आणि माणूस म्हणतो, माझे हातच लहान. पैसे देण्याआधी ‘सेटअप करून द्या’ म्हणा, वर हजार-दोन हजार पडले तरी. हे कोपऱ्यावरच्या दुकानात होत नसेल तर पुणे किंवा मुंबई गाठा. धोबी तलावला 1865 पासूनचं फुर्तादोस आहे, तिथे चार गिटारी शेजारी शेजारी लावून बघता येतात. परत येताना महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये गिटार सीटखाली ढकलू नका. जाड बॅगेत घालून बर्थवर भिंतीच्या बाजूला उभी कड करून ठेवा आणि तुम्ही अलीकडे झोपा. सव्वा मीटरच्या आसपास लांबी असते, मावते.

अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा, सध्या घेऊ नका. 41 कंपनांच्या स्वराची लाट आठ मीटरहून लांब असते, तिला फ्लॅटची भिंत अडवत नाही. तुमच्याकडे आवाज बारीक वाटेल आणि खालच्या मजल्यावरच्या आजींची भांडी वाजतील. गिटारच्या जॅकमध्येच बसणारा छोटा हेडफोन अ‍ॅम्प मिळतो, तो बेससाठीचा आहे ना हे बघून घ्या. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो. इतरांना ते चालून जाईल, तबला शिकलेल्या माणसाला त्याने वेड लागेल. मुलाच्या म्युझिक सिस्टिमला ही गिटार लावू नका, स्पीकर फाटू शकतो आणि मग त्याच्या बोलण्याला धार येईल.

गिटार अ‍ॅक्टिव्ह प्रकारची निघाली, म्हणजे पोटात 9 व्होल्टची बॅटरी असली, तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची. केबल खोचलेली असेपर्यंत बॅटरी चालू राहते. जून ते सप्टेंबर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसा. हवा बदलली की मान थोडी वाकते, वर्षातून एकदा सेटअप पुन्हा करून घ्यावा लागेल.

शिकवणारा मिरजेत चटकन सापडेलच असं नाही. सांगली-कोल्हापूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यांना विचारा, चर्चमध्ये रविवारी वाजवणाऱ्यांना विचारा. नाहीच मिळालं तर ऑनलाइन शिकवणी चालेल, पण हप्त्याला एकदा समोरच्याने तुमचा हात बघितला पाहिजे, अशी. नुसते व्हिडिओ नकोत. ते दोन वर्षं झाले.

तोवर तुमच्याजवळ जे आहे त्याने सुरुवात करा. कुठलाही पडदा धरा, तो तुमचा सा. शेजारच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढे गेलात की पंचम. त्याच्याही पुढच्या तारेवर, पंचमाच्याच पडद्यावर, तार सा. आणि सा मधल्या तारेवर धरला असेल तर शेजारच्या जाड तारेवर तोच पडदा म्हणजे मंद्र पंचम. ही आकृती मानेवर कुठेही सरकवा, बदलत नाही. आता केरवा तोंडाने म्हणा: धा गे ना ति, न क धि न. धा वर सा, धि वर पंचम, बाकी मात्रांना काही नाही. सुरुवातीला स्वर धा पासून ति पर्यंत धरून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी तोच स्वर ना वर हाताने दाबून बंद करा. ठेका बदललेला नाही, पण चाल एकदम वेगळी वाटेल. बायां कुठे उघडा ठेवायचा आणि कुठे दाबायचा हे तुम्ही तबल्यावर केलंच आहे, तेच काम आता डाव्या हाताच्या बोटांनी करायचं. विलंबितच वाजवा. सावकाश लयीत समेवर नेमकं येणं जमलं की दुगुन आपसूक होते.

तीन-चार आठवड्यांनी कपाटावरची गिटार खाली काढायला लावा. मुलाला जी, सी आणि डी एवढे तीन कॉर्ड आले तरी पुष्कळ. तुम्हाला जी सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर मिळेल, सी तिच्या शेजारच्या तारेच्या तिसऱ्यावर, डी त्याच तारेच्या पाचव्यावर. तो कॉर्ड बदलेल तेव्हा तुम्ही सा बदलायचा. त्याची लय पळेल, नव्या गिटारवाल्यांची पळतेच. त्याच्यामागे जाऊ नका, धा जागेवर ठेवा आणि त्याला परत यायला लावा.